सोफामास्तरांनी शिवलेल्या काठ्या

गल्लीच्या टोकाला, लोखंडी जिन्याखाली, सोफे दुरुस्त करण्याचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे दीड खोली. एका खोलीत फोमचे तुकडे, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि पोट फाडलेल्या खुर्च्या. उरलेल्या अर्ध्यात मालक. मालकांना सगळे सोफामास्तर म्हणतात. ही पदवी कुठल्या शाळेनं दिलेली नाही, गिऱ्हाइकांनी वैतागून दिलेली आहे. सोफा दुरुस्तीला नेला की मास्तर आधी सोफा बघत नाहीत, माणूस बघतात. "तुम्ही डावीकडे कलून बसता. कंबर दुखते ना?" दुखत नसली तरी त्या संध्याकाळपासून दुखायला लागते.

बोलताना त्यांच्या तोंडात बारीक खिळे असतात. एकेक खिळा जिभेनं ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीवर घ्यायचा आणि ठोकायचा. हे चालू असताना गल्लीत कुणाच्या घरी काय चाललंय त्यावर मतही द्यायचं. आजवर एकही खिळा पोटात गेलेला नाही, असं ते छातीठोकपणे सांगतात. मास्तरीणबाई म्हणतात, "गेलेत की. त्याशिवाय का बोलणं एवढं टोचतं?"

मास्तरांचा खरा तोरा मात्र शिवणीचा. त्यांची उलटी टीप. सुई दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे; प्रत्येक टाका आधीच्या टाक्याला धरून बसतो आणि एखादा दोरा तुटला तरी बाकीची शिवण जागची हलत नाही. नुसता पुढे पुढे पळणारा धावदोरा त्यांना खपत नाही. "धावदोरा ही शिवण नव्हे, थाप आहे," असं ते म्हणतात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मास्तरीणबाईंनी पडद्यांना धावदोरा घातला, तर त्या चार दिवस माहेरी गेल्याचं बघून यांनी सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले. ते भांडण अजून मिटलेलं नाही, फक्त जुनं झालंय.

या दोघांना एकच मुलगी. गल्लीत तिचं नाव नाकतोडा. चालायच्या आधी उडी मारायला शिकली असं लोक म्हणतात. ते खोटं आहे, पण फार नाही. दुकानातल्या कपाटावर चढून फोमच्या ढिगात उड्या मारणं हा तिचा लहानपणचा उद्योग. पुढे शाळेतल्या खेळाच्या सरांनी हे हेरलं आणि तिच्या हातात बांबू दिला. धावत यायचं, बांबूचं टोक जमिनीतल्या खाचेत रोवायचं, बांबू वाकून सरळ होताना त्याच्याबरोबर वर जायचं आणि आडव्या दांडीपलीकडे पडायचं. खेळाचं नाव बांबू उडी, पण काठी आता फायबरची असते, चार मीटर लांब आणि आतून पोकळ. पडायला जाड गादी लागते. शाळेत ती नव्हती, म्हणून मास्तरांनी बनवली. गल्लीतल्या निम्म्या घरांचे जुने सोफे त्या गादीत गेले, आणि त्या वर्षी आमच्याकडे पाहुण्यांना चटईवर बसवायची रीत पडली.

दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत तिची काठी हवेतच मोडली. पोरगी अर्धी गादीवर, अर्धी बाहेर पडली. खांदा गेला, आठ महिने बसून काढावे लागले. सरांनी काठीचे तुकडे उचलून मास्तरांना एक बारीक रेघ दाखवली. फायबरला ओरखडा पडला की तो नीट दिसतही नाही, पण काठी वाकते तेव्हा तिथूनच दगा देते. काठ्या स्पर्धेला टेम्पोच्या टपावर तारेनं बांधून नेल्या होत्या. तार मास्तरांनी आवळली होती, पक्कडीनं, दोन पीळ जास्त देऊन. कुणी त्यांना काही म्हणालं नाही. मास्तरीणबाईसुद्धा गप्प राहिल्या, आणि ते गप्प राहणं मास्तरांना सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतर पोरगी पुन्हा उभी राहिली, पुन्हा उडू लागली. यंदा तिची परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली, तीही अगदी शेवटच्या घटकेला. संघातली एक मुलगी जायबंदी झाली आणि अकरा दिवस आधी हिला निरोप आला. सर आणि बाकीचा संघ आधीच तिकडे सरावाला पोचलेला. विमानप्रवास चौदा तासांचा. काठ्या न्यायला माणसं दोन लागतात, एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या. म्हणून मास्तरांचंही तिकीट निघालं.

"काठ्या तिकडे कुणाच्या तरी उसन्या मिळतील की गं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आई, काठी ज्याच्या त्याच्या वजनाला आणि पकडीला बेतलेली असते. दुसऱ्याचा चष्मा घालून गाडी चालवायला लावशील का मला? माझ्या काठ्या आल्या तर मी उडी मारणार, नाही आल्या तर बाकावर बसून टाळ्या वाजवणार."

मास्तरांनी विमान कंपनीला फोन लावला.

"सामान काय आहे सर?" पलीकडून गोड आवाज आला.

"बांबू. चार नग."

"माफ करा सर, झाडं आणि रोपं नेता येत नाहीत."

"अहो ताई, खेळाचा बांबू!"

"खेळाच्या यादीत सायकल आहे, गोल्फ आहे, सर्फबोर्ड आहे..."

"त्यात सगळ्यात लांब काय?"

"सर्फबोर्ड."

"मग असं समजा, हा एक सर्फबोर्ड आहे. फक्त फार वाळलाय."

पाच दिवस पाठपुरावा केल्यावर परवानगीचं पत्र आलं. मग मास्तरांनी दुकान बंद ठेवलं आणि काठ्यांचं आवरण शिवायला घेतलं. प्रत्येक काठीला मऊ फ्लॅनेलची वेगळी पिशवी. दोन काठ्यांमध्ये फोम, फोमवर फोम, आणि सगळ्याला वरून तांबडं जाड रेक्झिन. उचलायला चार पट्टे. शेवटी ते रेक्झिन काठ्यांभोवती लपेटून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकड्या सुईनं आणि मेण लावलेल्या जाड दोऱ्यानं उलटी टीप घातली, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून रेक्झिनवरही मेण चोळलं. काठ्यांचं वजन आठ किलो, मास्तरांच्या मायेचं अकरा.

मास्तरीणबाईंनी चारही बाजूंनी फिरून बघितलं. "अहो, उघडायचं कुठून?"

"उघडायचं कशाला? तिथे गेल्यावर उसवीन."

"आणि मधे लागलं तर?"

"मधे कुणाचा हात लागू नये म्हणून तर शिवलंय! शिवणीतलं मला कळतं की तुला?"

पडद्यांचा विषय निघण्याची चिन्हं दिसली, तेव्हा पोरगी चहा करायला उठली.

विमान दुपारी एकचं. मास्तर सकाळी साडेआठला विमानतळावर हजर. या वेळी टपावर काही बांधलं नव्हतं. टेम्पोच्या मागच्या हौद्यात गादी टाकून काठ्या निजवल्या होत्या आणि शेजारी स्वतः मास्तर आडवे झाले होते. विमानतळाच्या काचेच्या दारातून चार मीटरचा तांबडा अजगर वळवणं म्हणजे एक खेळच होता. पोरगी पुढे, मास्तर मागे. ती डावीकडे वळली की मास्तरांचं टोक उजवीकडची रांग झाडून काढायचं. "सरका, सरका, पाय सांभाळा, अहो काकू तुम्हाला नाही, तुमच्या बॅगेला म्हणालो!"

साधं सामान पटकन गेलं. मास्तरांची कपड्यांची पेटी पट्ट्यावरून आत निघून गेली. तिच्यात सुया, कातरी, दोरा सगळं होतं. लांब सामानाची खिडकी मात्र वेगळी, एका कोपऱ्यात, आणि ती अकराला उघडत होती. तिथे चष्मा कपाळावर चढवलेला एक जाडजूड अधिकारी बसला होता. त्याने परवानगीचं पत्र वाचलं, मान हलवली, काठ्यांचं बोचकं तपासणीच्या यंत्रापाशी नेलं आणि थांबला. यंत्राचं तोंड होतं मोठ्या पेटीएवढं, आणि त्याच्यापुढे लगेच वळण. बोचकं अर्धं आत जाऊन अडलं.

"मशीनमध्ये जात नाही. हातानं तपासावं लागेल. काय आहे यात?"

"काठ्या."

"कसल्या?"

"उड्या मारायच्या."

अधिकाऱ्याने मास्तरांच्या पोटाकडे बघितलं. "तुम्ही?"

"मी नाही हो, ही."

"बरं. कुठून उघडतं हे?"

"कुठूनच नाही."

"म्हणजे?"

"शिवलंय," मास्तर कौतुकानं म्हणाले. "उलटी टीप आहे साहेब. कुणाचाही हात आत जायचा नाही."

"माझाही नाही?"

"कुणाचाच नाही." एवढं बोलून झालं आणि मग आपण काय बोललो ते मास्तरांना ऐकू आलं.

पोरगी मटकन जमिनीवर बसली. "बाबा, आईनं विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही तिला काय म्हणाला होतात?"

"आता ते कशाला उकरायचं?"

"नुसतं एक टोक उसवलं तर चालेल का?" तिने अधिकाऱ्याला विचारलं.

"मग मधे काय आहे ते मला कसं कळणार? सगळं उघडून बघितल्याशिवाय मी सही करत नाही. आणि बारा वाजता ही खिडकी बंद. एवढं लांब सामान घेणारं पुढचं विमान चार दिवसांनी आहे."

स्पर्धा तीन दिवसांनी होती.

अधिकारी वाईट नव्हता. त्याने खणातून पेटी कापायचा कटर काढला, पातं सरकवलं आणि वाकला. मास्तर बोचक्यावर जवळजवळ झोपलेच. "ब्लेड नको!" त्यांचा आवाज एवढा चढला की पलीकडची रांग वळून बघायला लागली. "साहेब, पाया पडतो, ब्लेड नको. एक ओरखडा जरी पडला ना, तर ही पोरगी..."

पुढचं पोरीनेच सांगितलं. "दोन वर्षांपूर्वी माझी काठी वर असताना मोडली होती. ओरखड्यामुळे."

अधिकाऱ्याने पातं आत घेतलं आणि घड्याळ बघितलं. "अठ्ठेचाळीस मिनिटं आहेत काका. ब्लेडशिवाय काय करायचं ते करा."

पोरीने केसांतल्या दोन पिना काढल्या. एक बापाला दिली, एक स्वतः घेतली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, असे दोघं विमानतळाच्या फरशीवर मांडी घालून टाका टाका उसवायला लागले. पाचशेच्या वर टाके, आणि प्रत्येक टाका आधीच्याला घट्ट धरून बसलेला. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांनी स्वतःच्या शिवणीला शिव्या घातल्या.

"काय कसाईपणा केलाय," ते पुटपुटले.

"चांगली शिवलीय बाबा," पोरगी दात-ओठ खात म्हणाली. "हाच तर ताप आहे."

उसवलेला दोरा मात्र मास्तर तोडत नव्हते, अख्खा ओढून गळ्यात अडकवत होते.

बावीस मिनिटांत रेक्झिन उघडलं. अधिकाऱ्याने फोम चाचपला, फ्लॅनेलच्या पिशव्या उतरवल्या, आणि एक काठी दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून आत बघितलं. पलीकडच्या टोकाला त्याला पोरीचा डोळा दिसला. "ठीक आहे," तो हसू दाबत म्हणाला. "बांधा आता. चिकटपट्टी देऊ?"

चिकटपट्टी त्या रेक्झिनवर धरेना; मास्तरांनी निगुतीनं चोळलेलं मेण आडवं आलं. सुया होत्या पेटीत, आणि पेटी गेलेली विमानाच्या पोटात. रांगेतल्या एका बाईंनी पर्समधून बटण लावायची सुई काढून दिली. ती पहिल्याच टोचणीला वाकली. मास्तर क्षणभर हात मांडीवर ठेवून बसले. मग त्यांनी अधिकाऱ्याच्या मेजावरून सामानाला लावायच्या चिठ्ठीचा एक चिकट तुकडा फाडला, गळ्यातल्या दोऱ्याच्या टोकाला घट्ट गुंडाळला आणि बोटांनी पिळून बुटाच्या नाडीसारखं कडक टोक केलं. भोकं तर वाकड्या सुईनं पाडलेली तयारच होती. दोरा सुळकन आत गेला.

"वा!" अधिकारी म्हणाला आणि गुडघे टेकून रेक्झिनच्या कडा जुळवून धरायला बसला.

मास्तर शिवायला लागले. दोन भोकं पुढे, एक मागे. दोन पुढे, एक मागे.

"बाबा, काय करताय?"

"शिवतोय."

"उलटी टीप? एकोणीस मिनिटं राहिलीत!"

"दुसरी येत नाही मला."

"येते. धावदोरा घाला."

मास्तरांनी वर बघितलं. "तो धरत नाही गं. मधेच सुटला तर? कुणी हात घातला तर?"

"सुटला तर सुटला. काठ्या तिथे पोचतील तरी. घट्ट शिवून त्या इथेच ठेवायच्यात का?"

हात ऐकत नव्हते. तीस वर्षांची सवय, सुई पुढे गेली की आपोआप मागे वळणारी. मास्तरांनी दोनदा उलटा टाका घातला आणि दोनदा ओढून काढला. तिसऱ्या वेळी डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरला आणि दोरा पुढेच नेला. पुढे, आणि पुढे, दर तिसऱ्या भोकात एक. लांब, सैल, आगाऊ टाके. मास्तरीणबाईंचे जुने पडदे याहून बरे होते.

"काका, सोफ्याचं काम करता वाटतं?" कडा धरता धरता अधिकाऱ्याने विचारलं. "आमचा मधोमध बसलाय. स्प्रिंग गेली असेल ना?"

"बसल्यावर करकर वाजतो?"

"नाही."

"मग स्प्रिंग नाही गेली. खालचा पट्टा ढिला झालाय. आणि तुम्ही मधोमधच बसता, एका बाजूला बसत चला. कड नीट धरा साहेब, गप्पा मारू नका!"

बाराला तीन मिनिटं कमी असताना शेवटची गाठ बसली. अधिकाऱ्याने सही केली, शिक्का मारला, ‘नाजूक’ लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या उचलायच्या पट्ट्यांना गुंडाळल्या आणि दोन माणसांनी बोचकं उचलून आत नेलं. मास्तर त्या वाकड्यातिकड्या शिवणीकडे बघत राहिले. कुणी ओळखीचं बघत नाहीये ना, म्हणून एकदा मागेही वळून पाहिलं.

विमानात पोरगी खिडकीपाशी होती, पण मास्तर तिच्या मांडीवरून ओणवे होऊन खिडकीला नाक लावून बसले. खाली पेट्या चढत होत्या. सगळ्यात शेवटी तांबडं बोचकं आलं. दोन माणसांनी दोन टोकं धरली, उचललं, आणि मागच्याने त्याचं टोक जरा लवकर सोडलं.

"पडलं," मास्तर म्हणाले.

"पट्ट्यावरच टेकलं बाबा."

"आपटलं."

"फोम आहे ना अकरा किलो."

"शिवण सुटली असेल तर फोम कुठे असेल?"

चौदा तास मास्तर जेवले नाहीत की झोपले नाहीत. विमानातल्या ताईंनी तीनदा येऊन विचारलं, काही हवंय का. तिसऱ्यांदा मास्तर म्हणाले, "खाली सामानाकडे जरा जाऊन येता येईल का?" पोरीने डोक्यावर पांघरूण ओढून घेतलं.

उतरल्यावर बोचकं आलं. मधल्या भागात वीतभर धावदोरा सुटला होता आणि फोम बाहेर डोकावत होता. मास्तरांनी त्या भोकावर जो पंजा दाबून धरला तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. घरी फोन लागला तेव्हा मास्तरीणबाईंनी पहिला प्रश्न काठ्यांचा विचारला. मास्तरांनी सगळं सांगितलं. कसं उसवलं, कसं शिवलं, तेही लपवलं नाही.

"धावदोरा?" बाई म्हणाल्या. "तुम्ही?"

"हो."

"बरं केलंत." आणि जरा थांबून, "जेवा आता काहीतरी."

मैदानावर सर वाट बघत होते. त्यांनी चारही काठ्या बाकावर मांडल्या आणि कापसाचा बोळा घेऊन एकेकीवरून टोकापासून टोकापर्यंत फिरवला. बारीकसा ओरखडा असला तरी कापूस तिथे अडतो. हे काम मास्तरांना करता येण्यासारखं होतं, पण त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले होते. पहिली काठी, दुसरी, तिसरी. चौथीवर सरांचा हात मधेच थांबला. सरांनी चष्मा वर केला, नखानं खरवडलं आणि बोटावर आलेला फ्लॅनेलचा तंतू मास्तरांना दाखवला.

"स्वच्छ आहेत चारही," सर म्हणाले. "घे गं, सुरू कर."

पोरगी सर्वांत मऊ, सहज वाकणारी काठी घेऊन धावपट्टीच्या टोकाला गेली. मास्तर कठड्याला धरून उभे राहिले. तिची पावलं ऐकू यायला लागली. आधी सावकाश, मग भराभर. काठीचं टोक खाचेत आदळलं. मास्तरांनी डोळे गच्च मिटले आणि मोडण्याच्या आवाजाची वाट बघितली. तो आवाज त्यांना पाठ होता.

आवाज आला तो गादीवर धपकन पडण्याचा.

"बाबा!" गादीत उताणी पडूनच पोरगी ओरडली. "बघितलीत का?"

"बघितली की!"

"थापा! डोळे मिटले होते तुमचे!"

सर हसायला लागले. मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं, चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं काचा दोन्ही बाजूंनी पुसल्या आणि पुन्हा नाकावर बसवला.

"मग मार पुन्हा," ते म्हणाले.

पोरीने काठी उचलली, तळव्याने एकदा वरपासून खालपर्यंत चाचपली आणि धावपट्टीच्या टोकाकडे चालायला लागली. मास्तर कठडा सोडून दोन पावलं पुढे गेले.